कशावर पडली?

माझ्या मुलीची डोक्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा ती सात वर्षांची होती. आता ती दहा वर्षांची आहे. पेरूच्या झाडावर चढते, उलट उत्तरं देते, आणि तिला उजव्या कानानं ऐकू येत नाही. हे मी सहानुभूतीसाठी लिहीत नाही. सहानुभूती मला पोत्यानं मिळाली, आणि तिचाच मला राग आहे. ज्यांनी ती दिली त्यांतल्या निम्म्यांनी जरी एकदा मान खाली घालून जमिनीकडे पाहिलं असतं, तर मला लिहायला काही उरलंच नसतं.

लिहिते आहे ते ज्यांचं मूल उद्या पडणार आहे त्यांच्यासाठी. मूल पडलं की आपल्याकडे सगळे विचारतात, कसं पडलं, कुणी ढकललं, लक्ष कुणाचं होतं, आई कुठे होती. एक प्रश्न कुणी विचारत नाही. तो मला एका दमलेल्या तरुण डॉक्टरनं विचारला, तोवर मलाही तो सुचला नव्हता.

मंगळवार

आम्ही काशीत राहतो, पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्ल्यांत. यजमानांचं घराणं इथे पाच पिढ्यांचं; मी माहेरची अमरावतीची. यजमान रेल्वेत कारकून आहेत, घरी सासूबाई आहेत, आणि मीनल एकुलती एक. तिची शाळा आमच्याच मराठी मंडळींच्या मंडळाची. दोन मजली इमारत, पुढे बेताचं अंगण, अंगणात एक झोपाळा, एक सी-सॉ आणि एक लोखंडी घसरगुंडी. घसरगुंडीचा वरचा कठडा माझ्या डोक्याच्याही हातभर वर आहे.

मंगळवारी मधल्या सुट्टीत मीनल त्या कठड्यावरून बाजूला कलंडली आणि खाली आली. रक्ताचा थेंब आला नाही. बाईंनी तिला साखरपाणी दिलं, टेंगळावर गार चमचा दाबला, आणि ती पुन्हा वर्गात जाऊन बसली. सातचा पाढा म्हणाली म्हणे. घरी चालत आली, "आई, मी पडले," असं सांगितलं, अर्धी पोळी खाल्ली आणि ती ओकून टाकली. सासूबाई म्हणाल्या, उन्हानं झालं असेल, निजू दे जरा. मलाही ते पटलं. मी स्वतः तिच्या अंगावर चादर घातली. हे एक वाक्य लिहायला मला तीन वर्षं लागली.

म्हणून इथेच सांगून ठेवते. डोक्यावर पडलेलं मूल आधी चांगलं वाटतं, मग ओकतं आणि मग त्याला झोप येते. ती झोप नसते. त्याला उचला आणि दवाखान्यात न्या. पुढचं वाचायला थांबू नका.

पाचच्या सुमारास रामजनम दूध घेऊन आला. रामजनम आमचा ग्वाला, दोन गल्ल्या पलीकडच्या अखाड्यातला पहिलवान. दाराशी दूध मापता मापता आतलं घोरणं ऐकून तो थांबला आणि म्हणाला, "बहूजी, ई खर्राटा कौन ले रहा है?"

मी म्हटलं, "मीनू है. स्कूल में गिर गई थी, सो रही है."

त्यानं कॅन उंबऱ्यावरच ठेवला आणि न विचारता आत आला. आमच्या सोवळ्यातल्या घरात तो पंधरा वर्षांत कधी आत आला नव्हता. त्यानं मीनलला हाक मारली, गालावर चापट्या मारल्या, तिची पापणी वर केली. एका डोळ्यातली काळी बाहुली भलतीच मोठी दिसत होती. "हमारे यहाँ एक लड़का मेड़ पर गिरा था," तो म्हणाला. मेड़ म्हणजे शेताचा बांध. "ऐसे ही सोया था." पुढे त्याचं काय झालं ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्यानं तिला खांद्यावर टाकलं आणि तो पळत सुटला. आमच्या गल्लीत रिक्षासुद्धा येत नाही. मैदागिनच्या रस्त्यापर्यंत तो पुढे, मी अनवाणी मागे, आणि मधे एक सांड आडवा उभा. रामजनमनं सांडाला अशी शिवी दिली की तो खरोखरच बाजूला झाला.

तो प्रश्न

मोठ्या सरकारी इस्पितळात आम्हाला बाकावर बसवतील अशी मला भीती होती. पण मीनलचे डोळे पाहून त्यांनी तिला सरळ आत घेतलं. मला एका तरुण डॉक्टरसमोर उभं केलं. त्याच्या कोटाच्या खिशाला शाई लागली होती आणि त्यानं त्या दिवशी बहुतेक जेवण केलं नव्हतं.

"कहाँ से गिरी?"

"फिसलपट्टी से. स्कूल में."

"किस पर?"

मला प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, "नीचे."

"नीचे क्या था? मिट्टी, घास, बालू?"

"पत्थर. चुनार का पत्थर."

त्यानं लिहिणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. "फिसलपट्टी के नीचे पत्थर किसने लगवाया?"

उत्तर मला माहीत होतं. लावणाऱ्यांत आम्हीही होतो.

आमचे दगड

हे बाहेरच्यांना समजावून सांगायला हवं. काशीत आपल्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या दगड बसवले. घाट बांधले, पायऱ्या बांधल्या. अमृतराव घाटावरून जाताना आमचे लोक अजून छाती पुढे काढून सांगतात, हा आपल्या पुण्याच्या माणसानं बांधला. काशीत दगड बसवला, त्याच्यावर हजार पाय पडले की ते पुण्य पितरांना पोचतं, ही इथली जुनी समजूत. ज्यांना घाट बांधायची ऐपत नाही ते एक पायरी बसवतात, आणि तेवढंही जमत नाही ते एक फरशी.

शाळेचं अंगण आधी मातीचं होतं. पावसात चिखल व्हायचा, मुलांचे गणवेश मळायचे, गणपतीत पंगत बसवायची तर आधी शेण-सडा करावा लागायचा. नव्वदचं दशक अर्धं सरत आलं होतं, शहरात जो तो घर पक्कं करत होता, मग शाळा कच्ची का राहावी? मंडळानं ठरवलं, अंगणात जवळच्या चुनारच्या खाणीतला दगड घालायचा, प्रत्येक कुटुंबानं आपल्या गेलेल्या माणसाच्या नावानं एक फरशी द्यायची, फरशीवर नाव कोरायचं. मुलांचे पाय लागतील, याहून पवित्र काय?

माझं अक्षर चांगलं आहे. त्यामुळे घरोघर पाठवायचं विनंतीपत्र मी लिहिलं. 'बालगोपाळांच्या चरणस्पर्शाने पावन होणारी शिला', हे शब्द माझे. लोकांनी फार वाखाणले होते. आमच्या घरची फरशी सासऱ्यांच्या नावाची. सगळे त्यांना नाना म्हणत. त्यांनी याच शाळेत तीस वर्षं शिकवलं होतं. मानाची जागा म्हणून ती फरशी घसरगुंडीपाशी बसवली.

मीनल नेमकी नानांच्या नावावर पडली की शेजारच्या, हे मला अनेकांनी विचारलं. मी विचारायला गेले नाही. माझ्या लेखी सगळे दगड सारखेच होते.

वॉर्ड

कवटी उघडून आत साचलेलं रक्त काढलं. सहा तास म्हणाले होते, चार लागले. त्याआधी रक्ताच्या बाटल्या हव्या होत्या. मंडळाकडे निरोप गेला तर उत्तर आलं की तात्यासाहेब, म्हणजे आमचे अध्यक्ष, प्रवचनाला गेले आहेत. रामजनम मात्र अखाड्यातून सहा पहिलवान घेऊन आला, अंगाला मोहरीच्या तेलाचा वास, लंगोटावर घाईनं चढवलेले पायजमे. त्यांतला सर्वांत दांडगा सुई पाहून खाली बसला आणि मान वळवून हनुमानचालीसा म्हणत राहिला. मी त्या दिवशी एकदाच हसले ते तेव्हा.

नंतरचे वीस दिवस वॉर्डात गेले. सकाळी नऊला मोठे डॉक्टर फेरीला येत. त्याआधी झाडूवाली आम्हा सगळ्यांना गठुड्यांसकट बाहेर काढी. दुपारी व्हरांड्यात बायका स्टोव्हवर खिचडी शिजवत. केळी दिसली की खिडकीतून माकडाचा हात येई. वीज गेली की मी वर्तमानपत्रानं वारा घालत बसे. शेजारच्या खाटेवर रामनगरच्या एका विणकराचा मुलगा होता, गच्चीवरून पडलेला. त्याची आई आणि मी एकमेकींचं नीटसं नावही न विचारता एकाच ताटलीत जेवलो. तिनं आणलेली मसुराची डाळ माझ्या सासूबाईंनीही खाल्ली. घरी असत्या तर त्यांनी तिला पाणीसुद्धा दिलं नसतं.

यजमान औषधांच्या रांगेत उभे राहत आणि माझ्याशी बोलत नसत. पाचव्या दिवशी बोलले. "तू तिला झोपवलंसच कसं?" एवढंच. मी म्हटलं, "आणि ती फरशी कुणी दिली?" नंतर दोन दिवस आम्ही विणकराच्या बायकोमार्फत एकमेकांना निरोप देत होतो. मूल आजारी पडलं की नवरा-बायको जवळ येतात असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आम्ही दोघांनी एकमेकांत गुन्हेगार शोधला, कारण खरे गुन्हेगार भेटायला येत आणि मोसंबी ठेवून जात.

मराठी

मीनल शुद्धीवर आली ती हिंदीत. डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "मेरा मुंडन किसने किया?" वॉर्डातले सगळे हसले, मी रडले.

पण नंतरही तिच्या तोंडून मराठी येईना. मी मराठीत विचारलं की तिला कळायचं, उत्तर मात्र हिंदीत. डॉक्टर म्हणाले, होतं असं, थांबा. सासूबाईंना थांबवेना. पाच पिढ्या या परमुलखात यांनी घरात मराठी टिकवली, आणि नात "अम्मा, पानी" म्हणते. त्या माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "सुलभा, त्या रक्ताबरोबर हिची मराठीही काढून टाकली की काय गं त्यांनी?"

मी ताडकन म्हटलं, "आई, ती बोलतेय ना? चिनीत बोलली तरी मी ऐकून घेईन." त्यांच्याशी मी असं कधी बोलले नव्हते. त्या उठून व्हरांड्यात गेल्या.

तेविसाव्या दिवशी, घरी आल्यावर, मीनल खाटेवर पडून छताकडे पाहत होती. एकदम म्हणाली, "आजी, मला ना, कंटाळा आलाय." सासूबाईंनी हातातली जपमाळ बाजूला टाकली आणि तिला म्हणाल्या, "पुन्हा म्हण." तिनं दहा वेळा म्हटलं. त्या दिवशी आमच्या घरात कंटाळ्याचा सण झाला.

कानाचं मात्र हळूहळू ध्यानात आलं. उजवीकडून हाक मारली की ती वळेना. कानाच्या आतलं हाड मोडलं होतं. गेलेलं ऐकणं परत येणार नाही असं सांगितलं, आणि ते आलं नाही.

लोक

घरी भेटायला येणाऱ्यांनी काय काय सांगितलं ते लिहून ठेवते. दृष्ट काढा. कालभैरवाचा दोरा बांधा. मुलीची जात, एवढ्या उंच चढतेच कशाला? वाचली हे नशीब समजा. मंडळातल्या एका बाईंनी तर चहा पिता पिता सांगितलं, "आमचीही मुलं त्याच दगडावर खेळली की. नाचता येईना, अंगण वाकडं." चहा माझ्या घरचा, साखर माझ्या घरची, आणि बशीत फुंकर घालत या बाई माझ्या पोरीला घसरता येत नाही म्हणून सांगत होत्या. मी त्यांच्या हातातला कप काढून घेतला. सासूबाईंना वाटलं आणखी चहा द्यायला घेतला. मी तो मोरीत ओतला.

मीनलची शाळा मी बंद केली नाही, कारण जवळ दुसरी नव्हती. पण तिला सोडायला गेले की मी त्या अंगणात उभी राहून पाही. रोज पस्तीस-चाळीस मुलं त्या लोखंडी कठड्यावर चढत होती आणि खाली तेच दगड होते. एक महिना झाला, दोन झाले. मंडळानं काय केलं? घसरगुंडीला पाटी लावली: 'सावकाश खेळा'.

मग मी स्वतः शोधायला लागले, की दगड नको तर काय हवं? पुण्याच्या भावाला पत्र टाकलं. त्यानं चौकशी करून कळवलं की परदेशात रबराच्या लाद्या घालतात, इथे मिळत नाहीत. कुणी म्हणालं भाताचा तूस घाला. तो भिजला की कुजतो आणि त्यात उंदीर होतात. एका रविवारी यजमानांना घेऊन नावेनं पलीकडच्या वाळूत गेले. सुकी वाळू छान, पाय घोट्यापर्यंत रुततो. पाण्याजवळची ओली वाळू मात्र दाबून बसून फरशीसारखी कडक झालेली. आमच्या अंगणात चार महिने पाऊस पडतो. नुसत्या वाळूनं भागणार नव्हतं.

आणि हे सगळं चाललं असताना उत्तर दोन गल्ल्यांवर होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. दूध मापता मापता रामजनम म्हणाला, "बहूजी, हम लोग तो रोज एक-दूसरे को पटकते हैं. किसी का सिर फूटते देखा?"

अखाड्यात बायकांनी जायचं नसतं. मी दाराबाहेर उभी राहिले. आत चार पहिलवान फावड्यांनी माती उलथत होते. दररोज पहाटे उलथतात. दोन दिवस हात लावला नाही तर माती बसते. तीत थोडी वाळू, हळद, मोहरीचं तेल. रामजनमनं मातीत हात खुपसला तो कोपरापर्यंत आत गेला. "कोहनी तक हाथ जाए तो गिरो," तो म्हणाला. "कलाई पर रुक जाए तो पहले गोड़ो." गोडणं म्हणजे हे उलथणं. कोपर आणि मनगट, एवढंच त्याचं माप. भावाच्या चार पानी पत्रापेक्षा मला त्यातून जास्त कळलं.

बैठक

मंडळाची बैठक रविवारी सकाळी भरली. वीसेक जण आले. मी म्हटलं, झोपाळा, सी-सॉ आणि घसरगुंडीखालचे दगड काढा, हातभर खोल खणा, माती आणि वाळू भरा, आठवड्याला एकदा उलथा.

एकेक जण सुरू झाले. सतरंजी अंथरली तर? मुलांबरोबर आयाबाई उभी केली तर? एक गृहस्थ म्हणाले, त्यापेक्षा विटांचा खडंजा घालू, दगडापेक्षा वीट मऊ. ते हे विनोदानं म्हणत नव्हते. शेवटी खरी गोष्ट बाहेर आली. एक काका उठून म्हणाले, "माझ्या आईचं नाव आहे त्या दगडावर. ते उखडायचं म्हणजे काय?"

तात्यासाहेब निवृत्त प्राध्यापक, संस्कृतचे मोठे विद्वान. आवाज कधी चढवत नाहीत. म्हणाले, "सुलभाताई, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो. पण मुलं पडायचीच. पितरांची स्थानं हलवणं हा वेगळा विषय आहे. शास्त्र पाहावं लागेल."

मी म्हटलं, "शास्त्र नंतर पाहा. आधी अंगणात या."

उन्हाळा होता, घरी सासूबाईंनी सरबतासाठी बेलफळं आणली होती. मी त्यांतली दोन सारख्या आकाराची पिशवीत घालून नेली होती. रामजनमनं आदल्या दिवशी लाकडी खोक्यात अखाड्याची भुसभुशीत माती भरून घसरगुंडीपाशी आणून ठेवली होती. मी साडी खोचली आणि शिडी चढले. मागे कुणीतरी "अहो, हे काय" म्हणालं. वरून मी पहिलं बेलफळ दगडावर सोडलं. नुसतं सोडलं, फेकलं नाही. ते फुटलं, आणि गर तात्यासाहेबांच्या धोतरापर्यंत उडाला. दुसरं खोक्यात सोडलं. ते मातीत अर्धं रुतून बसलं. खाली उतरून मी ते पुसलं आणि सगळ्यांच्या हातात फिरवलं. एक चीर नव्हती.

तात्यासाहेबांनी धोतर झटकलं. "फळ आणि मूल यात अंतर आहे, ताई."

"आहे," मी म्हटलं. "फुटलेल्या फळाचं सरबत होतं."

कुणी जागचं हललं नाही. मला रडू यायला लागलं होतं, आणि त्या लोकांसमोर मला रडायचं नव्हतं. तेवढ्यात सासूबाई उठल्या. त्या पायरीवर बसून होत्या. वॉर्डातल्या त्या दिवसापासून माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होत्या. त्या चालत घसरगुंडीपाशी गेल्या, नानांच्या नावाच्या फरशीवर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आमचा काढा."

"वहिनी, नानांचं नाव—" काका म्हणाले.

"मुलं ह्यांच्या अंगाखांद्यावर खेळायची. खांद्यावरून पडली तर हे हात पुढे करायचे. ह्यांना दगड होऊन पोरांच्या खाली पडून राहायची हौस नव्हती." मग त्या सगळ्यांकडे वळल्या. "तुमच्या माणसांना होती का, ते तुम्ही ठरवा."

त्यानंतर

गोष्ट असती तर त्याच दिवशी सगळे दगड निघाले असते. आमचा एक निघाला. तीन आठवडे अंगणात घसरगुंडीखाली एकच मऊ चौकोन होता, आणि शाळेतली सगळी मुलं बरोबर त्याच्यावर उडी मारायला रांग लावत होती. ते पाहून एक एक कुटुंब पुढे आलं. त्या काकांनी सर्वांत शेवटी होकार दिला आणि दगड निघताना स्वतः फुलं वाहिली. सगळ्या फरश्या फाटकाजवळच्या भिंतीत उभ्या बसवल्या. आता नावं निदान वाचता येतात. पायाखाली असताना झिजायला लागली होती. तात्यासाहेब शास्त्र अजून पाहत आहेत.

रविवारी माती उलथायला पहिल्या महिन्यात दहा-बारा जण यायचे. मग पाच. मग यजमान, मी आणि रामजनम. यजमानांना सवय नव्हती, हाताला फोड आले, पण तक्रार केली नाही. तिथेच, फावडं टेकून दम खाताना, ते पहिल्यांदा म्हणाले, "मीही तिला झोपूच दिलं असतं." मला ते तीन वेळा ऐकायचं होतं, पण मी एकदाच ऐकलं आणि त्यांना पाण्याचा तांब्या दिला.

गेल्या पावसाळ्यात, मीनलला घ्यायला गेले होते, तेव्हा एक चार वर्षांची मुलगी कठड्यावरून कलंडली. तशीच, बाजूला. माझ्या डोळ्यांसमोर. धप्प झालं. मुलगी क्षणभर पालथी पडून राहिली. मग तिनं चेहरा वर केला, नाकाला चिखल, तोंडात चिखल, थुंकली, आणि तिच्या पुढे घुसणाऱ्या मुलाला ओरडली, "माझा नंबर आहे."

मी भिंतीला धरून खाली बसले.

तिची आई जवळच होती. नवी बाई, नवऱ्याची बँकेत नाशिकहून बदली झालेली. तिनं मुलीचा फ्रॉक पाहिला, कपाळाला हात लावला आणि मी मंडळाची आहे असं कुणीतरी सांगितलं असावं, म्हणून माझ्याकडे आली. "अहो, एवढी चांगली शाळा आणि खाली नुसता चिखल. रोज कपडे धुऊन हात दुखतात. चांगली फरशी का नाही हो घालून घेत?"

माझ्या मस्तकात तिडीक गेली. तिला हाताला धरून मीनलपाशी न्यावं, केस बाजूला करून ती घोड्याच्या नालेएवढी खूण दाखवावी, असं वाटलं. पण तिनं काय केलं होतं? तिची मुलगी पडली होती आणि तिला मळलेल्या फ्रॉकची काळजी वाटत होती. कुठल्याही आईला वाटावी तेवढीच, आणि तेवढ्यावरच तिची काळजी थांबली होती.

मी उठले. म्हटलं, "रविवारी सकाळी सातला या. माती उलथायची असते. फावडं मी देते."

ती हसली. तिला वाटलं मी थट्टा करते आहे. मी म्हटलं, "थट्टा नाही. या आठवड्यात पाऊस फार झालाय, हात मनगटापर्यंतच जातोय." तिला त्यातलं काही कळलं नाही. ती अजून हसतच होती, आणि तिच्या पाठीमागे तिची मुलगी शिडीच्या शेवटच्या पायरीवर पोचली होती.